सात-एकोणीसचा रिकामा रकाना

हिवाळ्यात रोज सकाळी आठ वाजता येगोरोव्हना माझ्या हवामानचौकीच्या दारात येत. नमद्याचे बूट उंबऱ्यावर आपटून बर्फ झाडत आणि आत न शिरताच विचारत, "काय म्हणतोय?"

मी रात्रीचा नीचांक सांगे. सतरा. एकवीस. एखाद्या जानेवारीत एकोणतीस. शून्याच्या खाली की वर, हे आमच्याकडे हिवाळ्यात कोणी बोलून दाखवत नाही.

"एवढंच?" त्या म्हणत, आणि शाल सारखी करून बागेकडे निघत.

थंडी कमी पडावी म्हणून आमच्या ओल्खोव्का गावची माणसे देवाला, पार्टीला आणि मला सारख्याच भक्तीने विनवत. कोणाच्या गाई, कोणाचे बटाट्याचे तळघर, कोणाचे संपत आलेले सरपण. चाळीस पडावेत म्हणून वाट बघणाऱ्या अख्ख्या गावात त्या एकट्याच होत्या. आणि ते चाळीस त्यांना हवे होते ते गावातून सुटण्यासाठी.

त्यांचे पूर्ण नाव कापितोलिना येगोरोव्हना. गाव नुसते येगोरोव्हना म्हणे. गावाच्या टोकाला सरकारी बाग आहे. तिथे फळझाडांचे नवे वाण लावतात, वर्षानुवर्षे मोजमाप घेतात आणि निकाल मॉस्कोच्या समितीला कळवतात. समितीने होकार दिला की वाणाला नाव मिळते आणि पाच-सहा जिल्ह्यांतल्या बागांना त्याची कलमे जाऊ लागतात. तोवर नुसता क्रमांक. येगोरोव्हनांच्या ताब्यात होता सात-एकोणीस. सातवा संकर, एकोणिसावे रोप. त्याची बारा झाडे उत्तरेच्या कुंपणाला लागून एका रांगेत होती, वारा सरळ अंगावर येतो तिथे.

आझोव्ह समुद्राच्या काठावरचे येइस्क हे त्यांचे गाव. कृषी संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना सरकार तीन वर्षांसाठी कुठे ना कुठे पाठवते, तसे त्यांना एकोणसत्तर साली इथे पाठवले. वय चोवीस. बरोबर एक पेटी आणि वाळवलेल्या माशांची माळ. मासे रेल्वेतल्या सहप्रवाशांनीच संपवले, असे त्या सांगत. तीन वर्षे म्हणजे काय, डोळे मिटून काढू, असे त्यांनी आईला सांगितले होते.

बागेत तेव्हा अर्सेनी लुकिच होते. सात-एकोणीस त्यांनीच तयार केलेला. म्हातारा कमी बोले आणि वहीत बारीक अक्षरात लिही. बहात्तर साली, येगोरोव्हनांची तीन वर्षे पुरी व्हायला चार महिने उरले असताना, ते फळीवर जुड्या बांधून ठेवलेल्या कलमांशेजारीच कोसळले आणि आठवड्यात गेले. जाण्याआधी त्यांनी येगोरोव्हनांना वही दिली. वचन वगैरे काही मागितले नाही. मागितले असते तर नाही म्हणता आले असते, असे त्या पुढे एकदा म्हणाल्या.

बागेचे संचालक व्हेनियामिन पाव्लोविच यांनी मात्र स्पष्टच सांगितले होते. जायचे तर जा, मी अडवत नाही. पण तुमच्या जागी माणूस मिळणार नाही, आणि माणसाशिवाय चाचणी चालत नाही. तुम्ही गेलात त्या वसंतात ती रांग काढून मी साखरबीट लावणार, वरून तसा आग्रह आहे. त्यांचेही खोटे नव्हते. मधल्या काळात दोन जण येऊन गेले. एक पहिल्याच हिवाळ्यात पळाला, दुसरीने लग्न केले आणि नवऱ्यासकट पळाली.

तर प्रश्न एका रकान्याचा होता. वहीत बाकी सगळे भरलेले. झाडाची उंची, घेर, फांद्यांचा खोडाशी होणारा कोन. पहिले फळ सहाव्या वर्षी, त्यानंतर दरवर्षी, मधे खाडा नाही. पानांवर काळे डाग नगण्य. तोडणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, बाकीचे सगळे वाण उतरवून झाल्यावर. वारा आला तरी फळ देठ सोडत नाही. फळ मध्यम, बुडाशी रुंद, हिरवे, उन्हाकडच्या गालावर विटकरी छटा. साल जाड आणि मेणचट.

तेव्हा ते चाखले तर दात आंबतात. गावात त्याला 'दगड' म्हणत. बागेतले झाडून सगळे वाण चोरीला जात, दगडाला कोणी हात लावत नसे. बागेचे गाडीवान प्रोखोरकाका म्हणत, याने खिळा ठोकून बघा, तेवढ्या उपयोगाचं आहे. पण पेंढ्यात घालून तळघरात ठेवले की जानेवारीत ते पिवळे पडू लागते, फेब्रुवारीत दार उघडताच वास येतो, आणि मे महिन्यात, बाकी सगळ्यांच्या पेट्या सडून रिकाम्या झालेल्या असतात तेव्हा, त्याचा रस हनुवटीवरून ओघळतो. "हिवाळी सफरचंद झाडावर पिकत नाही," येगोरोव्हना म्हणत. "ते अंधारात पिकतं." चवीला समितीने पाचपैकी चार पूर्णांक सहा दिले होते.

एकच रकाना रिकामा राहिला होता. कडक हिवाळ्यातील तग. नियम असा की फळावर आलेले पूर्ण झाड, कसलेही आच्छादन नसताना, चाळिसाच्या थंडीतून जगून निघाले पाहिजे. आधीचा कडक हिवाळा त्या येण्याच्या वर्षभर आधी पडला होता, पण तेव्हा ही झाडे गुडघ्याएवढी होती आणि बर्फाखाली गाडलेली. ते धरत नाहीत. बर्फ म्हणजे रजई. रजईत झोपलेल्याने थंडी सोसली असे म्हणता येत नाही.

मी पंचाहत्तर साली हवामानचौकीवर रुजू झालो, नुकता शिकून आलेलो, सगळ्या गोष्टींवर यंत्र असते अशा समजुतीचा. मी त्यांना सुचवले की शहरातल्या संस्थेत गोठवण्याची खोली आहे, तिथे चाळीस काय, पन्नासही मिळतील. त्यांनी मला चहा दिला आणि सांगितले की ते त्र्याहत्तर सालीच करून झालेय. "फांदी गोठवता येते रे ग्लेब. झाड कोणत्या खोलीत नेऊ?"

असे एकामागून एक हिवाळे गेले. आमच्याकडे असे सौम्य हिवाळे सलग पडल्याचे कोणाला आठवत नव्हते. गाव खूश होते. येगोरोव्हना प्रत्येक बर्फानंतर बारा झाडांभोवती फिरून बुंध्याजवळचा बर्फ पायांनी तुडवत, म्हणजे तो दगडासारखा घट्ट होतो आणि उंदरांना खालून भुयार करून साल कुरतडता येत नाही. खोडाशी सुरुवात, मग वाढत्या वर्तुळात चार फेऱ्या, मग पुढचे झाड. वरून बर्फ पडला की पुन्हा पहिल्यापासून. बाग सोडून त्या जाऊ शकत असत त्या फक्त पोस्टापर्यंत आणि दुकानापर्यंत, आणि त्या वाटाही बर्फात खोदलेल्या, दोन्ही बाजूंना छातीएवढ्या भिंती. घाण्याच्या बैलालाही निदान डोळ्यांवर झापड असते, असे एकदा प्रोखोरकाका त्यांना म्हणाले. त्या हसल्या होत्या. गावातला एक मेकॅनिक त्यांना मागणी घालून दोन वर्षे थांबला. मग त्याची बदली सायबेरियात झाली. तिथे चाळीस रोज पडतात म्हणे.

महिन्यातून एकदा येइस्कला ट्रंक कॉल. पोस्टातली केबिन एकच, तिचे दार लागत नाही आणि लाइन अशी की ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. त्यामुळे सेराफिमा इग्नात्येव्हना, म्हणजे त्यांची आई, अख्ख्या गावाच्या ओळखीची झाली होती. म्हातारीला कधी कोणी पाहिले नव्हते, पण तिचे बोलणे लोक एकमेकांना सांगत.

"काय म्हणतो तुझा नवरदेव?" ती विचारी. "निघाला का उत्तर ध्रुवावरून?"

"नाही अजून."

"तुझ्या बापाने मला आठ दिवस थांबवलं होतं, तर मी दुसरा बघायला निघाले होते. तू सात वर्षं एका थंडीसाठी बसलीयेस."

म्हातारीने इकडे यावे म्हणून त्यांनी पुष्कळ सांगून पाहिले. तिचे उत्तर ठरलेले. मेल्यावर गाडतात ते पुरे, जिवंतपणी बर्फात कशाला? आणि घर, अंगणातले जर्दाळूचे झाड, टेकडीवरची नवऱ्याची कबर, हे कोण बघणार? सत्याहत्तर साली तिला काचबिंदू असल्याचे निघाले. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याबद्दल डॉक्टर म्हणाले, दोन वर्षे, फार तर तीन. तेव्हापासून फोनवर नवरदेवाची चेष्टा कमी झाली. एकदा म्हातारी म्हणाली, "तुझं तोंड अजून कसं आहे ते एकदा नीट बघून घेऊ दे मला. मग काय ते अंधारात राहीन." येगोरोव्हना केबिनबाहेर आल्या आणि रांगेतल्या कोणाकडेही न बघता गेल्या.

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात शेजारच्या फाइनाचे पत्र आले की म्हातारी पायरी चुकून पडली, हात मोडला नाही पण घाबरलीय. येगोरोव्हनांनी तीन वर्षांत पहिल्यांदा रजा मागितली. वीस दिवस. संचालकांनी दिली. निघण्यापूर्वी त्यांनी प्रोखोरकाकांना बागेत नेऊन बारा झाडे एकेक करून दाखवली, जणू काकांनी ती आयुष्यात पाहिली नव्हती. उंदीर, सशांचे दात, बर्फ तुडवणे, सगळे सांगितले. "तुमच्या भरवशावर टाकून चाललेय," त्या म्हणाल्या. "काही झालं तर मला तोंड दाखवू नका."

काकांनी टोपी काढली. "माझ्या नातवंडांसारखी सांभाळतो, येगोरोव्हना."

एकोणतीस डिसेंबरला आमच्याकडे पाऊस पडत होता. छपरांवरून पाणी गळत होते, रस्त्यात चिखल. त्याच दुपारी मला तारयंत्रावर सूचना आली की उत्तरेकडून थंड हवा उतरतेय, छत्तीस तासांत पस्तीस ते चाळीस. मी ती तीनदा वाचली. मग आनंदाने बाहेर धावलो आणि जो पहिला माणूस दिसला त्याला सांगितले. ते प्रोखोरकाका होते.

मला वाटले तेही खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला.

त्या चेहऱ्यामागचे कारण मला नंतर कळले. एकोणीसशे चाळीसच्या हिवाळ्यात, काका शाळकरी असताना, या भागातल्या सगळ्या बागा एका आठवड्यात मेल्या होत्या. त्यांच्या वडिलांनी लावलेली साठ झाडे वसंतात काळी निघाली. वाचले ते एकच, ज्याच्यावर कुंपणाशी बर्फाचा ढीग साचला होता. वडील त्या झाडाला मिठी मारून बसले होते. तेव्हापासून काकांच्या डोक्यात पक्के बसलेले, मोठी थंडी येतेय म्हणजे झाड बर्फात पुरा. गावातल्या कोणत्याही जुन्या माणसाने हेच केले असते. येगोरोव्हनांना चाळीस हवेत हे काकांना ठाऊक होते, पण ते त्यांनी थट्टा म्हणूनच घेतले होते. स्वतःच्या झाडांवर थंडी कोण मागेल?

ते दोन दिवस मी चौकीच्या खिडकीतून बूल्का घोडीला घसरगाडी ओढत उत्तरेच्या कुंपणाकडे जाताना पाहत होतो. ओला, जड बर्फ. पेंढा. गवताच्या चटया. मला काहीही वाटले नाही. खरे सांगायचे तर बरेच वाटले की म्हातारा झाडांची काळजी घेतोय. मला यंत्रे कळत होती. झाडातले मला तेवढेच कळत होते जेवढे त्या सकाळी दारात उभ्या राहून सांगत, आणि ते मी कान देऊन ऐकले नव्हते.

एकतीसला सकाळी सदतीस. एक जानेवारीला सकाळी मी तापमापकांची झडपांची पांढरी पेटी उघडली तेव्हा पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. आकडा एक्केचाळीस पूर्णांक तीन. गावातले नळ फुटले होते, शाळेची भट्टी बंद पडली होती, कावळे तारांखाली पडलेले. मी पोस्टात जाऊन येइस्कला तार केली: एक्केचाळीस. अभिनंदन. ग्लेब.

तिकडे काय झाले ते येगोरोव्हनांनीच पुढे सांगितले. तार त्यांनी आईला मोठ्याने वाचून दाखवली. म्हातारी म्हणाली, "आला का शेवटी? मोठा रुबाबदार दिसतो." आणि उठून चाचपडत मागच्या खोलीतला पलंग झाडायला लागली. दोघींनी मिळून ठरवले. वसंतात झाडांची पाहणी, मेमध्ये अहवाल, जूनमध्ये घर. म्हातारीने फाइनाला बोलावून खोलीला चुना मारून घ्यायला सांगितले, आणि चुन्यात किती नीळ घालायची यावरून दोघींचे भांडणही झाले.

नऊ जानेवारीला येगोरोव्हना परत आल्या. अजून अठ्ठावीस होते. मी आणि प्रोखोरकाका घसरगाडी घेऊन थांब्यावर गेलो होतो. त्या हसत उतरल्या, काकांना समुद्री मासे दिले, मला विचारले की तीन दशांश खरेच ना, आणि म्हणाल्या की घरी नंतर, आधी बाग. काकांनी वाटेत काही सांगितले नाही. त्यांना दाखवून चकित करायचे होते.

वळणावरून रांग दिसली. बारा पांढरे ढीग, माझ्या डोक्याएवढे उंच, फावड्याने थापून गुळगुळीत केलेले. प्रत्येकातून वर तीन-चार फांद्यांची टोके.

येगोरोव्हना गाडीतून उतरल्या नाहीत.

"कधी?" त्यांनी विचारले.

"तीस तारखेलाच," काका म्हणाले. "थंडी यायच्या आत. आधी पेंढा, मग चटया, मग बर्फ. बूल्काचे खूर सोलले. आत हात घालून बघ, येगोरोव्हना, चुलीशेजारी असल्यासारखं आहे. एकालाही काही झालं नाही."

"सगळी बारा?"

"बाराच्या बारा. एक तरी सोडीन का मी?"

त्यांनी मान हलवली. मग न रागावता, एखाद्या मुलाला बेरीज समजवावी तसे त्या म्हणाल्या, "प्रोखोर साव्हिच, मला ती उघडी हवी होती."

काका हसायला बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग ढिगांकडे. त्यांना कळत गेले तसतसा त्यांचा हात लगामावरून खाली आला. घोडीला कोणी काही सांगितले नाही, ती आपणच गावाकडे वळली.

बाकीची बाग त्या हिवाळ्यात निम्मी मेली. फेब्रुवारीत येगोरोव्हनांनी सगळ्या वाणांच्या फांद्या कापून माझ्या चौकीत पाण्याच्या डब्यांत ठेवल्या, कारण माझी भट्टी चोवीस तास चालते. तीन आठवड्यांनी त्यांनी एकेक फांदी सुरीने उभी चिरली. मेलेल्या फांदीचे लाकूड आतून कडक चहासारखे तपकिरी असते. सात-एकोणीसची ढिगाबाहेर राहिलेली टोके चिरली, आत फिकट पिवळे, जेमतेम एक सावळी रेघ. डब्यातल्या कळ्या फुटून पाने दिसू लागली होती. यंत्राशिवाय मलाही समजेल असे काही मी पहिल्यांदाच पाहत होतो. म्हणालो, मग झाले की.

"टोकं नाहीत मरत आधी," त्या म्हणाल्या. "खोडातून जाड फांद्या निघतात ना, तो खांदा. झाड तिथे फाटतं. आणि खांदे बर्फात होते."

व्हेनियामिन पाव्लोविच स्वतः चौकीत आले, कार्यालयात हे बोलायचे नव्हते म्हणून. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चिरलेल्या फांद्या उचलून पाहिल्या आणि खाली ठेवल्या. एक्केचाळीस नोंदले गेलेय, ते म्हणाले, ग्लेबच्या सहीने. झाडे जिवंत आहेत, ते कोणीही येऊन बघेल. टोके उघडी होती आणि जगली. तुम्ही लिहा, तग उत्तम. खोटे काय आहे त्यात?

येगोरोव्हना चिरलेल्या फांद्या पुन्हा ओळीने लावू लागल्या.

"नऊ वर्षं झाली," संचालक म्हणाले. "आईला दिसतंय तोवर जा घरी. मी सही करतो. बर्फाचं इथल्या चार माणसांना माहीत आहे, त्यातली एक घोडी आहे."

येगोरोव्हनांनी वही घरी नेली आणि दोन दिवस स्वतःजवळ ठेवली. त्या दोन दिवसांत त्या सकाळी पारा विचारायला आल्या नाहीत. मी ठरवले होते की त्यांनी काहीही लिहिले तरी मी तोंड उघडणार नाही. मला तर त्यांनी 'उत्तम' लिहावे असेच वाटत होते. तार मीच केली होती. काकांना आकडा मीच सांगितला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या वही घेऊन आल्या. मागोमाग प्रोखोरकाका. थांब्यावरच्या त्या दिवसापासून काका बागेकडे फिरकले नव्हते, लाकडे वाहण्याचे काम मागून घेतले होते. आता दाढी करून आले होते.

रकान्यात येगोरोव्हनांनी त्यांच्या सरळ अक्षरात लिहिले होते: नीचांक ४१.३. थंडीपूर्वी सर्व बारा झाडे मुख्य फांद्यांच्या वरपर्यंत बर्फाने झाकली गेली. उघड्या टोकांना इजा नगण्य. खोड व खांदे यांची परीक्षा झाली नाही. हा हिवाळा धरू नये.

"कोणी झाकली ते लिहिलं नाहीस," काका म्हणाले.

"त्याची गरज नाही."

"मॉस्कोवाले तुला विचारतील ना, तू होतीस कुठे म्हणून. लिही. प्रोखोर साव्हिच, गाडीवान, स्वतःच्या अकलेने. आण, मीच सही करतो."

त्यांनी जाड पेन्सिलीने रकान्याबाहेर जाणारी मोठी सही केली. नंतर मला विचारले, "आणि हे असं लिहिल्यावर पुढची थंडी कधी?"

मी म्हणालो, सांगता येत नाही. पाच वर्षे, पंधरा वर्षे. सरासरी काढता येते, पण सरासरीने थंडी पडत नाही.

काकांनी येगोरोव्हनांकडे पाहिले. "लिहून टाकायचं होतंस, बाई. मी काय कोणाला सांगत होतो?"

"एखादा माणूस माझ्या शब्दावर दोनशे झाडं लावेल," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं फळाची वाट बघेल. मग एका सकाळी उठेल आणि सगळे खांदे फाटलेले असतील. तुमच्या वडिलांसारखा तो कोणत्या झाडाला मिठी मारेल?"

काका माझ्या बाकावर बसले. त्यांनी टोपी दोन्ही हातांनी पिळली.

समितीचे उत्तर एप्रिलमध्ये आले. दोन ओळी. नोंद योग्य, निरीक्षण पुढे चालू ठेवावे. संचालकांनी ते सूचनाफलकावर लावले आणि त्या वर्षी साखरबीटचा विषय काढला नाही, एवढे त्यांच्याकडून झाले. मेच्या पहिल्या आठवड्यात बाराही झाडे फुलली. आजूबाजूला काळी लाकडे आणि मधे ही रांग. बघायला गाव लोटले. येगोरोव्हनांनी पाहिले, वहीत फुलोऱ्याची तारीख लिहिली आणि ट्रंक कॉल नोंदवायला पोस्टात गेल्या. आईला त्यांनी अजून सांगितले नव्हते. पत्र फाइना वाचून दाखवणार, आणि हे फाइनाच्या तोंडून कळू नये असे त्यांना वाटत होते.

मी तिथेच होतो, मासिक तक्ते पाठवायला आलेलो. रांगेत आणखी तिघी होत्या. लाइन लागली.

"खोली तयार आहे," म्हातारीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "नीळ जास्तच झाली. फाइना म्हणते समुद्रासारखी दिसते, मला तर पांढरीच दिसते. कधी निघतेस?"

येगोरोव्हनांनी सांगितले. बर्फ, ढीग, खांदे, रकाना. प्रोखोरकाकांचे नाव त्यांनी घेतले नाही, कोणीतरी झाकली म्हणाल्या. ओरडून सांगावे लागत होते, आणि असली गोष्ट ओरडून सांगणे कठीण असते. मधे दोनदा त्यांचा आवाज फाटला. रांगेतल्या बायका भिंतीवरचे टपालदर वाचत होत्या.

येगोरोव्हनांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"झाडं जगली ना?" म्हातारीने विचारले.

"जगली. फुललीयेत."

"मग मेल्यासारखी काय बोलतेस?" मग तीच म्हणाली, "पुन्हा थांबायचं म्हण की."

"हो."

"किती?"

"माहीत नाही, आई. ग्लेब म्हणतो कोणालाच माहीत नसतं."

"कापितोलिना, ऐक. डावा डोळा पण आता दारापर्यंतच पोचतो. पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीवर येशील, त्याच्या पुढच्या येशील, येशील तेव्हा फाटकापासून बोलत ये. काहीही बोल. नाहीतर मी फाइनाच समजेन आणि निळीवरून शिव्या घालेन."

"बोलत येईन," येगोरोव्हना म्हणाल्या.

तीन मिनिटे संपल्याचे ऑपरेटरने सांगितले, वाढवायचे का विचारले, आणि कोणी उत्तर दिले नाही. तिने लाइन तोडली नाही. केबिनमध्ये येगोरोव्हना फोन कानाला धरून उभ्या होत्या, त्या टोकाला म्हातारीही उभी असणार, आणि दोघींपैकी कोणी काही बोलत नव्हते.